लॅपटॉपमधले टोन स्टेजवर वाजवायचे असतील तर काय घ्यावं, आणि कोणत्या क्रमानं?

प्रश्न थोडक्यात असा: मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नं आणि अधूनमधून भावगीतांची बैठक. घरी लॅपटॉपवर कॉन्टॅक्ट आणि पियानोटेक ही टोन वाजवणारी सॉफ्टवेअर आहेत. ते टोन ऐकल्यापासून जुन्या कीबोर्डचे टोन नकोसे झालेत. सामान एसटीनं किंवा कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून जातं, त्यामुळे सगळं एकट्याला उचलता यायला हवं. बजेट सव्वा लाख.

आधी क्रमाचं बोलू. बहुतेक जण सगळ्यात आधी लॅपटॉपला हात घालतात, पैसे तिथंच संपवतात आणि उरलेल्या सामानात काटकसर करतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी कीबोर्ड, मग साउंडकार्ड (लॅपटॉपचा आवाज बाहेर देणारी वेगळी डबी), मग वायरी आणि वीज, आणि लॅपटॉप शेवटी. प्रोसेसर कमी पडला म्हणून स्टेजवर आवाज बंद झाला, असं क्वचितच होतं. यूएसबीची पिन हलते, जनरेटर बदलताना दोन सेकंद वीज जाते, चार्जर लावल्याबरोबर स्पीकरमधून घरघर सुरू होते, नाहीतर विंडोजला नेमकं तेव्हाच अपडेट आठवतं. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना एवढंच विचारा: गाणं चालू असताना ही बंद पडली, तर पुढच्या ओळीला मी काय वाजवणार?

कीबोर्ड

या प्रश्नाच्या उत्तरावरच कीबोर्डची निवड ठरते. स्वतःचा आवाज नसलेला, कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढाच मिडी संदेश लॅपटॉपला पाठवणारा मिडी कंट्रोलर स्वस्त असतो, हलकाही असतो, पण लॅपटॉप गेला की तुमच्यासमोर नुसती फळी उरते. स्टुडिओत चालेल, सुपारीला नको. स्वतःचे टोन असलेला, यूएसबी मिडी असलेला आणि सहा-सात किलोंच्या आतला कीबोर्ड घ्या. रोलंडचा जुनो-डीएस ६१ हे चांगलं उदाहरण आहे. वजन ५.३ किलो, ८ पेन्सिल सेलवरही चालतो, यूएसबीशिवाय पाच पिनांचा जुना मिडी आउटही आहे. वापरलेला पण पट्ट्या शाबूत असलेला मिळाला तरी हरकत नाही. ८८ पट्ट्या हव्याच असतील आणि वजन नको असेल, तर स्टुडिओलॉजिकचा नुमा कॉम्पॅक्ट २एक्स बघा. तो सुमारे सात किलोंचा आहे. वजनदार पट्ट्यांचे डिजिटल पियानो मात्र विसरा. रोलंडचा एफपी-१० एकटा १२ किलोंच्या पुढे जातो. त्यावर स्टँड आणि बॅग आली की एसटीच्या टपावर तो चढवणार कोण?

तुमच्याकडे आज यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा रोलंडचा एक्सपीएस असेल, तर नवीन कीबोर्डवर एक रुपयाही घालू नका. तोच कंट्रोलर म्हणून वापरा. त्याच्या टोनचा कंटाळा आलाय, पट्ट्यांचा नाही.

आता त्यातली मेख. कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की दोन आवाज येतात, एक कीबोर्डचा आणि एक लॅपटॉपचा. मॅन्युअलमध्ये ‘लोकल कंट्रोल ऑफ’ करायला (म्हणजे पट्ट्यांचा कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजाशी संबंध तोडायला) सांगतात, ते बरोबरच आहे. पण लॅपटॉप अडकला की लोकल परत ऑन करायला मेनूत शिरावं लागतं, आणि तोवर अंतरा संपलेला असतो. त्यापेक्षा लोकल ऑनच ठेवा आणि कीबोर्डचं मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणा. बहुतेक कीबोर्डमध्ये या बटणाचा मिडीवर परिणाम होत नाही, फक्त त्याचा स्वतःचा आवाज बंद होतो. तुमच्यात तसंच होतं का, ते घरी तपासा. कीबोर्डच्या आउटपुटची वायर मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला कायम लावून ठेवा आणि त्यावर साधे स्ट्रिंग्ज-पियानोचा टोन निवडून ठेवा. लॅपटॉप गेला तर डाव्या हातानं व्हॉल्यूम वर सरकवायचं, उजवा हात वाजवतच राहतो. टोन ज्यात उघडून वाजवतो त्या होस्ट सॉफ्टवेअरमधून कीबोर्डकडे जाणारा मिडी आउट मात्र बंद करा. नाहीतर प्रत्येक सूर परत कीबोर्डकडे जातो आणि अडचणीच्या वेळी दुहेरी वाजतो.

विकत घेण्याआधी वेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली याचा आकडा, बघा. मिडीचे आकडे दाखवणारं कुठलंही फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि एकच पट्टी अगदी हळू, मग जोरात दाबा. हळूला १५-२० आणि जोराला १२० च्या पुढे आकडा आला पाहिजे. स्वस्त कीबोर्ड दोनपैकी एक चूक करतात. काहींत बोट लागताच १०० दिसतो, काहींत कितीही ठोकलं तरी ९५ च्या वर जात नाही. पहिल्या प्रकारात पियानो सतत ओरडतो, दुसऱ्यात सॅम्पलचे (रेकॉर्ड केलेल्या सुरांचे) वरचे, जोरात वाजवलेले थर कधी वाजतच नाहीत. होस्टमध्ये वेलॉसिटी कर्व्ह बदलून बरंच सावरता येतं, पण पहिल्या प्रकारच्या कीबोर्डला हलकं वाजवणं शिकवता येत नाही.

पिच बेंडचा प्रकारही बघा. शहनाई, बासरी, सारंगीचे पीस वाजवणाऱ्याला मिंडेसाठी चाक किंवा जॉयस्टिक हाताशी लागते. ती बोटाखाली सैल असेल तर सूर मधोमध कुठेतरी लटकतो. पेडलसाठी किमान एक जॅक हवाच, एक्सप्रेशन पेडलसाठी दुसरा असेल तर उत्तम. सस्टेन पेडलमध्ये दोन उलट प्रकार असतात. चुकीचं लावलं की पाय उचलल्यावर सूर लांबतो आणि दाबल्यावर तुटतो. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलचा प्रकार ओळखतात, म्हणून चालू करताना पाय पेडलवर नको. खाली प्रकार बदलायचं बटण असलेलं पेडल, उदाहरणार्थ एम-ऑडिओचं एसपी-२, घेतलं की हा प्रश्नच मिटतो.

साउंडकार्ड

लॅपटॉपचा हेडफोन जॅक स्टेजसाठी नाही. साडेतीन मिलिमीटरची पिन कुणाच्या पायानं वायर ओढली की निसटते, सिग्नल अनबॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली घरघर पटकन पकडणारा असतो आणि चार्जरची किरकिर थेट मिक्सरला जाते. कार्ड निवडताना चार गोष्टी बघा: यूएसबीवरच चालणारं, मागे पाव इंची बॅलन्स्ड आउटपुट, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) आणि हातानं फिरवायचं व्हॉल्यूम. पाचवी गोष्ट म्हणजे पाच पिनांचा मिडी इन, आणि ती मिळाली तर सोडू नका. कारण खाली सांगतो.

मोटूचं एम२ या सगळ्यात बसतं. क्लिक (तालाची टिकटिक) किंवा लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) वेगळ्या आउटपुटला पाठवायचं असेल तर चार आउटपुटवालं एम४ घ्या. फोकसराइटचं स्कारलेट २आय२ चांगलं आहे, पण त्यात मिडीचा जॅक नाही. बेहरिंगरचं यूएमसी२०४एचडी स्वस्तात काम भागवतं आणि त्याला मिडी आहे. यूएमसी२०२एचडीला नाही, तेव्हा खोक्यावरचा आकडा नीट वाचा. आरएमईचं बेबीफेस प्रो एफएस ड्रायव्हरच्या बाबतीत फार वरचं आहे, पण या बजेटमध्ये ते घेतलं तर बाकी काही घेता येणार नाही. माइकचे प्रीअँप किती भारी आहेत यावर दुकानदार बोलत राहील. तुम्ही माइक लावणारच नाही, त्याला बोलू द्या.

लेटन्सीवर, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिरावर, लोक तासन् तास वाद घालतात. हिशेब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा (इथे आवाजाच्या सूक्ष्म तुकड्यांचा) बफर, म्हणजे कार्डाकडे जाण्याआधीचा साठा, १.३ मिलिसेकंदांचा होतो, १२८ चा २.७, २५६ चा ५.३ आणि ५१२ चा १०.७. त्यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर आणखी काही मिलिसेकंदांची भर घालतात. आता दुसरी बाजू. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे मॉनिटर तीन मीटर लांब असेल तर नऊ मिलिसेकंद तिथंच गेले. ६४ आणि १२८ मधला फरक वाचवण्यासाठी लॅपटॉपला घाम फोडण्यापेक्षा मॉनिटर एक पाऊल जवळ ओढा. १२८ वर सुरुवात करा. सगळ्यात जड पॅचला (एका गाण्यासाठी बांधलेल्या टोनला) चरचर आली तर २५६ वर जा. ५१२ वर जलद पीस वाजवताना हात अडखळू लागतो. विंडोजवर एएसआयओ४ऑल हा जुगाड घरच्या रियाजापुरता ठीक आहे, कार्यक्रमाला कार्डाच्या कंपनीचाच ड्रायव्हर हवा.

कार्डापासून मिक्सरपर्यंत

इथे लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात, आणि ऐकणाऱ्यांना त्रासही इथलाच होतो. दोन चॅनेलचा पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय बॉक्स, म्हणजे कार्ड आणि मिक्सर यांच्यामधला जोडडबा घ्या, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. एक तर तो लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यातला विजेचा थेट संबंध तोडतो. शिवाय स्टेजवरून मिक्सरकडे जाणाऱ्या जाड वायरीला (मल्टिकोरला) माइकच्या पातळीचा सिग्नल लागतो आणि डीआय तो देतो. कार्डाचं लाइन आउटपुट थेट माइक इनपुटला घातलं की आवाज फाटतो, मग साउंडवाला तुम्हाला बोल लावतो. आणि त्यानं चुकून त्या चॅनेलला ४८ व्होल्टचं फँटम (माइकसाठीची वीज) दिलं, तर ते कार्डाच्या आउटपुटवर येण्याचा धोका डीआयमुळे टळतो.

घरघरीचं निदान असं करा. सगळं जोडून चालू करा, काही वाजवू नका आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन अर्थिंगमधून वीज फिरते. मग लॅपटॉप, कीबोर्ड आणि जमलं तर मिक्सरही एकाच बोर्डावरून घ्या. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. तरीही राहिली तर कीबोर्डची यूएसबी काढून त्याचा मिडी पाच पिनांच्या वायरनं कार्डाला द्या. या मिडी इनपुटमध्ये आत ऑप्टोकपलर असतो, सिग्नल प्रकाशानं पलीकडे जातो, त्यामुळे कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्यात विजेचा रस्ताच उरत नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे मांडवात भेटतील. लोखंडी स्टँड आणि पावसाने ओला मांडव असताना हा जिवाशी खेळ आहे, कुणाचंही ऐकू नका. ऑनलाइन मिळणारे स्वस्त यूएसबी आयसोलेटर बहुतेक १२ मेगाबिट वेगाचे असतात आणि साउंडकार्डला ४८० चा वेग लागतो. ते कीबोर्डच्या मिडीसाठी चालतील, कार्डासाठी नाही.

पाच पिनांच्या मिडीचा दुसरा फायदा मला घरघरीपेक्षा मोठा वाटतो. ती वायर निसटली आणि परत खोचली की वाजायला लागते. यूएसबी निसटली की कॉम्प्युटर उपकरण नव्यानं ओळखतो, आणि काही वेळा होस्ट सॉफ्टवेअर ते परत स्वीकारतच नाही. शिवाय कीबोर्ड कार्डाला आणि कार्ड लॅपटॉपला जोडलं की लॅपटॉपमध्ये एकच वायर जाते. दोनच टाइप-सी पोर्ट असलेल्या लॅपटॉपला मग हबची गरजच नाही. एकात चार्जर, दुसऱ्यात कार्ड. हब टाळण्यामागे कारण आहे. चार्जर हबमधून घेतला असेल, तर वीज जाताना किंवा येताना बरेच हब क्षणभर सगळी उपकरणं तोडतात आणि परत जोडतात. मांडवात वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण आवाज मात्र जातो, आणि का गेला ते कुणालाच कळत नाही. पीएसआर-आय५०० सारख्या फक्त यूएसबी मिडी असलेल्या कीबोर्डला हब लागलाच, तर घरी वाजवता वाजवता चार्जर ओढून बघा आणि मगच तो हब बॅगेत टाका.

आणखी एक बारकी गोष्ट मोनोची. गावच्या साउंडवाल्याकडे तुमच्यासाठी बहुधा एकच चॅनेल असतो. स्टीरिओ पियानोच्या दोन बाजू एकत्र केल्या की काही सॅम्पलचा आवाज पोकळ होतो, कारण दोन माइकच्या लहरी एकमेकींना खातात. घरीच होस्टच्या शेवटी मोनो करून प्रत्येक टोन ऐका. पोकळ होत असेल तर फक्त डावी बाजू पाठवा. पियानोटेकमध्ये आउटपुटलाच मोनो निवडता येतं.

वीज

लॅपटॉपची बॅटरी हाच एक यूपीएस आहे, आणि यूएसबीवर चालणारं कार्ड त्याच यूपीएसवर बसतं. उघडा राहतो तो कीबोर्ड. सेलवर चालणारा असेल तर अडॅप्टर लावलेला असतानाही आत ताजे सेल ठेवा. वीज गेल्यावर तो न बंद पडता सेलवर जातो का, तेही घरी तपासा. सेल नसतील तर वायफाय राउटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस कामाला येतो, पण व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची ध्रुवता तिन्ही जुळली पाहिजेत. यामाहाच्या पीए-१५० अडॅप्टरमध्ये १२ व्होल्ट आणि मधली पिन धन, तर रोलंडच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरांत मधली पिन ऋण असते. उलटं लावलंत तर यूपीएस वाचेल आणि कीबोर्ड जाईल.

स्टेजवर लाइटवाल्याच्या बोर्डातून वीज घेऊ नका. डिमर चालला की त्याची करकर तुमच्या आवाजात येते. साउंडवाल्याच्या लाइनवरूनच घ्या आणि स्वतःचा पाच मीटरचा, स्विच नसलेला बोर्ड न्या. स्विच असला की कुणीतरी मोबाइल लावायला येतो आणि तुमचं बटण दाबतो.

लॅपटॉप

मॅक की विंडोज, याचं उत्तर तुम्हाला कोणतं होस्ट सॉफ्टवेअर वापरायचं आहे त्यात आहे. मेनस्टेज फक्त मॅकवर चालतं, कँटाबिले विंडोजवर, गिग परफॉर्मर दोन्हींवर. तिन्ही स्टेजसाठीच बनवलेली आहेत. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर स्टेजवर वापरू नका. गाण्यागणिक ट्रॅक चालू-बंद करत बसणं दोन गाण्यांत जीवावर येतं.

सव्वा लाखात, बाकीचं सामान धरून, एम१ चिपचा वापरलेला मॅकबुक एअर हा मला सगळ्यात सुटसुटीत पर्याय वाटतो. वजन १.२९ किलो, पंखा नाही, बॅटरी भरपूर. मात्र १६ जीबी रॅमचाच घ्या, रॅम नंतर वाढवता येत नाही. पंखा नसल्यामुळे मे महिन्यात उघड्या मैदानावर उन्हात ठेवला की तो तापून स्वतःचा वेग कमी करतो. खाली हवा खेळेल असा स्टँड आणि वर सावली एवढी व्यवस्था हवी.

विंडोजमध्ये गेमिंग लॅपटॉपच्या मोहात पडू नका. अडीच किलोंचा लॅपटॉप, विटेएवढा चार्जर आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमुळे मध्येच येणारी चरचर. ऑफिसांतून बाहेर पडणारे थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड बरे. घेण्यापूर्वी लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यावर अर्धा तास चालवा. ते कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून ठेवतो ते नावानिशी दाखवतं. वायफाय बंद केल्यावर लाल पट्टी हिरवी झाली तर लॅपटॉप चालेल. बंद करूनही लाल राहिली तर विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. भारी प्रोसेसर असूनही असे लॅपटॉप स्टेजवर चरचरतात, आणि बफर वाढवून ते जात नाही.

घेतल्यावर विंडोजमध्ये करायच्या गोष्टी: पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, अपडेट थांबवलेलं, वायफाय-ब्लूटूथ बंद, अँटिव्हायरसला सॅम्पलचा फोल्डर वगळायला सांगितलेला, स्क्रीन आणि झाकण दोन्हींची झोप बंद. सिस्टिमचे टुंग-टांग आवाज पूर्ण बंद करा. तो ‘टुंग’ हजार वॅटवर ऐकला की प्रेक्षक बरोबर तुमच्याकडे बघतात. कार्ड आणि कीबोर्ड दरवेळी त्याच यूएसबी सॉकेटमध्ये लावा, दुसऱ्यात लावलं की विंडोज त्याला कधीकधी नवं उपकरण समजतं आणि जुळवलेलं सगळं तुटतं. सॉकेटशेजारी आणि वायरीवर एकाच रंगाची टेप लावली की अंधारातही चुकत नाही. मॅकवाल्यांनी गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत सिस्टिम अपडेटला हात लावू नये.

डिस्क आतलीच, ५१२ जीबीची. बाहेरची एसएसडी म्हणजे आणखी एक वायर, आणखी एक निसटणारी पिन. कीस्केपसारखी एकेक लायब्ररी ७५ जीबीच्या पुढे असते, ती सगळी स्टेजवर न्यायची गरज नाही. तिथं पियानोटेक फार उपयोगी. तो सॅम्पल न वाजवता आवाज गणितानं तयार करतो, डिस्कवर जागा जवळजवळ घेत नाही आणि क्षणात उघडतो. ऑर्केस्ट्राच्या गलक्यात त्याचा पियानो मोठ्या सॅम्पलपेक्षा जास्त स्पष्ट कापत जातो, हे माझं मत. कॉन्टॅक्टमध्ये न लागणारे नमुने पर्ज करा (रॅममधून काढा), लायब्ररी बॅच रीसेव्ह करून (सगळ्या फाइली एकदम नव्यानं साठवून) घ्या म्हणजे उघडायला लागणारा वेळ कमी होतो. एसएसडी असेल तर प्रीलोड बफरही (रॅममध्ये आधीच चढवलेला भाग) कमी करता येतो, रॅम वाचते.

आयपॅडबद्दल एका वाक्यात: टाइप-सी आयपॅड, कॉर्ग मॉड्यूल किंवा पियानोटेकची आयपॅडवरची आवृत्ती आणि हेच कार्ड, एवढं फार हलकं आणि भरवशाचं जमतं, पण तुमच्या कॉन्टॅक्ट लायब्ररी त्यावर चालणार नाहीत.

फाइल बांधणं आणि पट्टीचा घोळ

पूर्ण कार्यक्रमाची एकच फाइल करा, गाण्यागणिक एक पॅच, सगळे आधीच रॅममध्ये चढलेले. पॅच बदलताना धरलेला सूर तुटत नाही ना, ते बघा. सगळ्या पॅचचा आवाज एकमेकांशी जुळवा आणि तो हेडफोनवर न जुळवता स्पीकरवर, जोरात जुळवा. रिव्हर्ब घरी आवडतो त्याच्या निम्मा ठेवा. रॅम आणि प्रोसेसरचा काटा सगळ्यात जड पॅचला ५०-६० टक्क्यांच्या आत असावा.

आता खरी डोकेदुखी. गायिका ऐनवेळी म्हणते, “आज घसा बसलाय, काळी दोन नको, पांढरी दोन घ्या.” तुम्ही सवयीनं कीबोर्डचं ट्रान्सपोज एक खाली करता. मग तीन गोष्टी बिघडतात. काही कीबोर्ड मिडीचे आकडेही सरकवतात, त्यामुळे डाव्या-उजव्या हाताची विभागणी एक पट्टी सरकते. कॉन्टॅक्टमध्ये खालच्या पट्ट्यांवर असलेले कीस्विच (वाजवण्याची पद्धत बदलणाऱ्या पट्ट्या) सरकतात आणि लांब स्ट्रिंग्जच्या जागी अचानक तुटक स्ट्रिंग्ज वाजू लागतात. आणि लूप किंवा तंबोरा जुन्याच पट्टीत राहतो. म्हणून ट्रान्सपोज कीबोर्डवर कधीच नको. होस्टमध्ये, विभागणीच्या नंतर आणि कीस्विचच्या पट्ट्या वगळून ते लावा, आणि एका नॉबला किंवा दोन पॅडला जोडा. तंबोऱ्याच्या पॅचलाही तेच ट्रान्सपोज द्या. पट्टी बदलताना हात आणि पेडल दोन्ही उचललेले हवेत, नाहीतर जुना सूर अडकून वाजतच राहतो. ‘सगळे सूर बंद’ असं एक बटण जोडून ठेवा.

बैठकीत साथीला खरी पेटी असेल तर आणखी एक पायरी. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात, थोड्या चढ्या-उतऱ्या असतात. मोबाइलच्या ट्यूनरवर पेटीची पांढरी सहा बघा आणि येईल तो आकडा लॅपटॉपमध्ये भरा. कॉन्टॅक्ट आणि पियानोटेकमध्ये तो वेगवेगळा भरावा लागतो. एकात भरलात आणि दुसऱ्यात विसरलात, तर पियानो-स्ट्रिंग्जच्या थरात लाटा ऐकू येतात.

बैठकीत मांडी घालून बसायचं असल्यामुळे स्टँड एक फुटाच्या आसपास हवा. एक्स आकाराचे स्टँड इतके खाली आणले की रुंद पसरतात आणि मांडीत येतात, त्यापेक्षा लाकडी बैठं टेबल बरं. सस्टेन पेडलचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मांडी घातल्यावर ते उजव्या गुडघ्याखाली दाबायला ठेवतात, पण चादरीवरून सरकतं. खाली रबरी चटई घालून चटईसकट टेपनं चिकटवा. मोठ्या स्टेजवर एक्स स्टँड चालतो, मात्र लॅपटॉप त्याच स्टँडवर नको. फळ्यांच्या स्टेजवर ढोलकीवाल्याचा पाय वाजला की सगळं हलतं आणि यूएसबीची पिन हळूहळू बाहेर येते. कीबोर्डच्या मागे सॉकेटजवळ वायरीला एक सैल वळसा देऊन ती स्टँडला वेलक्रोनं बांधा, म्हणजे ओढ वळशावर येते, सॉकेटवर नाही. यूएसबीची वायर दोन मीटरच्या आत ठेवा. लॅपटॉप लांब ठेवायचा असेल तर पाच पिनांची मिडी वायर १५ मीटरपर्यंत चालते.

पैशांची वाटणी

कीबोर्ड तुमचा आहे तोच धरला आहे. सव्वा लाखातला साधारण अर्धा वाटा लॅपटॉपला, पाव कार्ड आणि डीआयला, उरलेला वायरी, बोर्ड, पेडल, स्टँड, बॅग आणि सॉफ्टवेअरला. वायरी प्रत्येकी दोन. दुसरी वायर पहिल्यासोबत एकाच कप्प्यात नको. कार्डाचं व्हॉल्यूम कुठे असावं तिथं पांढऱ्या रंगाची खूण करा. सॉफ्टवेअरचे परवाने त्याच लॅपटॉपवर चालू केलेले असावेत. आदल्या दिवशी वायफाय बंद करून सगळी फाइल एकदा उघडा. एखादं प्लगइन इंटरनेट मागत असेल तर ते घरीच कळतं.

स्टेजवर चालू करण्याचा क्रम: साउंडवाल्याला तुमचे चॅनेल बंद ठेवायला सांगा, मग कीबोर्ड, मग लॅपटॉप, मग कार्ड, मग होस्ट. सगळ्या पॅचला एकेक सूर वाजला की चॅनेल उघडायला सांगा. बंद करताना आधी चॅनेल.

आणि पहिल्या सुपारीच्या आधी तालमीत एक प्रयोग कराच. गाणं चालू असताना दुसऱ्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, कधी यूएसबीची वायर, कधी चार्जर, कधी कीबोर्डचा अडॅप्टर ओढायला सांगा. प्रत्येक वेळी आवाज परत यायला किती सेकंद लागले ते मोजा. वायर परत खोचल्यावर होस्ट कीबोर्ड ओळखत नसेल, तर होस्ट बंद करून पूर्ण फाइल चढायला किती वेळ लागतो तेही मोजा. तो वेळ एका मिनिटाच्या वर गेला तर फाइलमधले जड पॅच कमी करा, किंवा त्या कार्यक्रमाला मध्यंतराच्या आधीची आणि नंतरची अशा दोन फाइली करा.